आधी हिशेब, मग तत्त्वज्ञान : परकेपणाच्या पुस्तकांबद्दल वाचकांचे प्रश्न

अभिजात साहित्यातला एकाकी, स्वतःपासून तुटलेला माणूस हा विषय देऊन आम्ही प्रश्न मागवले होते. सोलापूर शहरातून आणि पंढरपूर, बार्शीकडून आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत. ही पुस्तकं जड जातात, अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली आहे. आमच्या मते ती तत्त्वज्ञानाच्या बाजूने उघडली की जड जातात. पगार किती, कर्ज कुणाचं, खोलीला दारं किती, घड्याळात वाजले किती, हे आधी पाहिलं तर पुस्तक आपणहून बोलायला लागतं.

प्रश्न : होटगी रोडवरच्या आमच्या सोसायटीत बारा जणांचा वाचनगट आहे. दस्तयेवस्कीच्या ‘नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड’पासून सुरुवात केली. तिसऱ्या बैठकीला चार जण उरले. काय चुकलं? आणि पुढे कोणत्या क्रमाने वाचावं?

उत्तर : पुस्तक चांगलं निवडलंत, फक्त उलट्या टोकाने सुरू करायला हवं होतं. १८६४ सालच्या या पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात चाळिशीचा एक माजी कारकून अकरा छोट्या प्रकरणांत नुसता वाद घालतो. माणसाला त्याचं हित नीट समजावून दिलं की तो शहाण्यासारखा वागेल, असं मानणारे त्या वेळच्या रशियातले सुधारक त्याच्या डोळ्यांपुढे आहेत. त्यांची काचेच्या महालाची स्वप्नं आणि ‘दोन दुणे चार’ची खात्री त्याला सहन होत नाही. समोरचा पक्षच ठाऊक नसेल तर वाचणाऱ्याला ही बडबड वाटते, आणि तुमच्या गटाचं बहुधा तेच झालं.

दुसरा भाग त्याच माणसाच्या चोविसाव्या वर्षाचा आहे आणि त्यात घटना आहेत. एका खानावळीत एक लष्करी अधिकारी त्याला खांद्याला धरून वाटेतून बाजूला करतो, खुर्ची सरकवावी तसं, एक शब्द न बोलता. हा अपमान त्याच्या मनात काही वर्षं सडत राहतो. शेवटी तो ठरवतो की नेव्हस्की रस्त्यावर त्या अधिकाऱ्याला वाट द्यायची नाही, खांद्याला खांदा भिडवायचा. त्यासाठी कपडे बरोबरीचे हवेत, म्हणून काळे हातमोजे आणि नवी टोपी घेतो, कोटाची कॉलर बदलायला साहेबाकडून उसने पैसे घेतो. खांदा एकदाचा भिडतो आणि अधिकारी मागे वळूनही पाहत नाही. हा प्रसंग आधी वाचा. मग पहिल्या भागातला राग कुठून आला ते कुणी सांगावं लागत नाही.

क्रम असा ठेवा. आधी टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ (१८८६) : बारा प्रकरणं, दोन बैठका, पहिल्या बैठकीत एक ते चार आणि दुसरीत उरलेली आठ. ही वाटणी विषम वाटेल, पण प्रकरणं पुढे पुढे आखूड होत जातात. रोग्याचा अवकाश आकसत जातो तसं पुस्तकही आकसतं. पहिल्या प्रकरणात एक काम करायला सांगा : न्यायालयातल्या सहकाऱ्यांना मृत्यूची बातमी कळल्यावर प्रत्येकाच्या मनात पहिल्यांदा काय येतं, ते कागदावर उतरवून काढायचं. बदल्या, बढत्या, मेव्हण्याची सोय. सांत्वनाला गेलेला मित्र ज्या बैठकीवर बसतो तिच्या स्प्रिंगा बंड करतात, आणि विधवा पेन्शनचं बोलत असताना तो त्या स्प्रिंगांशी झगडत असतो. तिसऱ्या प्रकरणात इव्हान इलिचला पाच हजार रूबल पगाराची जागा मिळते, तो नवं घर सजवतो, पडदा कसा लावायचा हे कारागिराला दाखवताना शिडीवरून घसरतो आणि खिडकीच्या मुठीवर त्याची कूस आपटते. मरण इथून सुरू होतं, हौसेने सजवलेल्या दिवाणखान्यातून. पुढे घरातले सगळे जण खोटं बोलत असताना गेरासिम नावाचा नोकर तेवढा त्याचे पाय खांद्यावर घेऊन रात्रभर बसतो आणि तुम्ही मरणार आहात हे नाकारत नाही.

त्यानंतर काफ्काची ‘मेटामॉर्फोसिस’, दोन बैठका. मग तुमचं राहिलेलं पुस्तक : दुसऱ्या भागाला दोन बैठका, पहिल्याला एक. शेवटी कामूची ‘आउटसायडर’, दोन बैठका. एकूण नऊ. पंधरवड्याला एक धरली तर साडेचार महिन्यांत होतं. महिन्याला एक ठेवू नका, मधल्या काळात आधीचं विसरायला होतं.

गट मोडतात त्याची कारणं ठरलेली आहेत. प्रत्येकाकडे वेगळं भाषांतर असतं, पान सापडत नाही, चर्चा हवेत जाते. तेव्हा सगळ्यांकडे एकच आवृत्ती हवी. निम्मे जण व्हिडिओवरचा सारांश ऐकून येतात, म्हणून प्रत्येक बैठकीची सुरुवात दोन पानं मोठ्याने वाचून करा. सारांशात स्प्रिंगा नसतात, आणि ज्याने पुस्तक वाचलेलं नाही तो तिथेच जागा होतो. तिसरं कारण सगळ्यात मोठं : दहा मिनिटांत गाडी ‘आजकालच्या पिढी’वर आणि मोबाईलवर जाते. पहिली चाळीस मिनिटं पानाचा आधार दिल्याशिवाय कुणी बोलायचं नाही, असा नियमच करा. बारा जणही जास्त होतात. सात-आठ बरे. बाराच राहायचे असतील तर दोन गट करा.

प्रश्न : अस्तित्ववाद म्हणजे देव न मानणं, असं एका व्याख्यानात ऐकलं. खरं का?

उत्तर : नाही. माणूस स्वतःच्या निवडींतून घडतो आणि त्यांची जबाबदारी त्याचीच, असं मानणारा हा विचार आहे. त्याचा आरंभ ज्याच्यापाशी धरतात तो डेन्मार्कचा किर्केगार्ड (१८१३–१८५५) श्रद्धावान ख्रिस्ती होता. त्याचं भांडण सवयीने चर्चमध्ये जाणाऱ्यांशी होतं. फ्रान्सचा गाब्रिएल मार्सेल कॅथलिक होता. देव नाही इथून सुरुवात करणारा सार्त्र, आणि १९४५ सालचं त्याचं पॅरिसचं व्याख्यान इतकं गाजलं की त्याची बाजू म्हणजेच सगळा अस्तित्ववाद असा समज झाला. त्या व्याख्यानात त्याने स्वतःच श्रद्धावान आणि नास्तिक असे दोन गट सांगितले आहेत.

प्रश्न : मी अक्कलकोट रोडला यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहे. मुलीने काफ्काचं ‘मेटामॉर्फोसिस’ वाचायला दिलं. माणसाचा सकाळी किडा होतो हे पटलं नाही, पण पुस्तक खाली ठेववलं नाही. यात आमच्यासारख्यांचं काय आहे? मार्क्सचं ‘परात्मता’ म्हणतात ते हेच का?

उत्तर : तुम्ही हे पुस्तक नेमक्या जागेवरून वाचताय. ग्रेगोर साम्सा कापडाचा फिरता विक्रेता आहे. गोष्ट सुरू होते तेव्हा टेबलावर कापडाचे नमुने पसरलेले आहेत. काफ्काने ही गोष्ट १९१२ च्या अखेरीस लिहिली, १९१५ साली ती छापली गेली. तो स्वतः १९०८ पासून प्रागमध्ये कामगारांच्या अपघात विम्याच्या कचेरीत सकाळी आठ ते दोन नोकरी करत होता. लाकूड रंधण्याच्या यंत्राला चौकोनी शाफ्ट असला तर बोटं कशी जातात आणि गोल शाफ्ट बसवला तर ती कशी वाचतात, यावर त्याने आकृत्यांसह अहवाल लिहिला होता. यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला काय होतं, हे त्याला कागदोपत्री रोज दिसत होतं.

आता ग्रेगोरचा हिशेब मांडू. गजर चारचा लावलेला. जाग येते तेव्हा साडेसहा झालेत. पाचची गाडी गेली, पुढची सातची. पाठ कवचासारखी टणक झालीय, पाय वळवळताहेत, आणि हा विचार करतो तो गाडीचा आणि साहेबाच्या रागाचा. पाच वर्षांच्या नोकरीत एकदाही आजारी पडलेला नाही, तरी सात वाजून दहा मिनिटं होतात न होतात तोच कचेरीचा मुख्य कारकून दारात उभा राहतो, आणि वसुलीच्या पैशांचा संशय आईबापांच्या देखत बोलून दाखवतो. किडा होणं एका वाक्यात उरकलंय. खाडा झाल्याची धास्ती पानंच्या पानं चालते. इथेच काफ्का काय म्हणतोय ते कळतं : हा माणूस त्या सकाळच्या आधीच माणसात राहिला नव्हता, शरीराने ते आज कबूल केलं.

नोकरी सोडत का नाही? बापाचा धंदा बुडाला तेव्हाचं कर्ज याच मालकाचं आहे. ते फिटायला अजून पाच-सहा वर्षं. आपल्याकडे मागावर किंवा ऊसतोडीला उचल घेतलेला माणूस मुकादमाला जसा बांधलेला असतो, तसा ग्रेगोर बांधलेला आहे, फरक एवढाच की उचल त्याने स्वतः घेतलेली नाही. पुढे दुसऱ्या भागात एक गोष्ट दाराआडून त्याच्या कानावर पडते, ती पुष्कळ वाचकांच्या नजरेतून सुटते. बापाने बुडत्या धंद्यातून थोडी रक्कम वाचवून ठेवली होती, आणि ग्रेगोर दरमहा घरी देत असलेल्या पैशातूनही काही शिल्लक टाकली होती. त्या पैशांत कर्ज लवकर फिटलं असतं, नोकरीतून सुटण्याचा दिवस अलीकडे आला असता. ग्रेगोरला हे आत्ता कळतं आणि तो रागावत नाही. बापाने केलं ते बरंच केलं, असं स्वतःला समजावतो. त्याच्या किडा होण्याइतकीच ही ओळ भयंकर आहे.

दारांकडेही लक्ष द्या. त्याच्या खोलीला तीन दारं. सकाळी एकावर आई, एकावर बाप, एकावर बहीण थाप मारते. तिन्हींना आतून कुलूप. फिरतीवर लॉजमध्ये कुलूप लावून झोपायची सवय त्याने स्वतःच्या घरातही ठेवली आहे. तुटलेपण म्हणजे काय ते या कुलपात बघा.

मार्क्सने परात्मतेचा, म्हणजे माणूस आपल्याच कामापासून परका होतो हा विचार १८४४ साली पॅरिसमध्ये लिहिलेल्या हस्तलिखितांत मांडला. ती पूर्ण छापली गेली १९३२ साली, म्हणजे काफ्का वारल्यावर आठ वर्षांनी. तेव्हा एकाने दुसऱ्याचं वाचून लिहिलं असं नाही. मार्क्स चार तुटी सांगतो. कामगार स्वतः केलेल्या वस्तूपासून तुटतो : चादर त्याने विणली, पण तिचं काय व्हावं हे त्याच्या हातात नाही, आणि जितकं जास्त विणावं तितका मालाचा जोर त्याच्यावर वाढतो. तो कामापासून तुटतो : पाळी संपल्यावरच त्याला आपण आपल्यात आलो असं वाटतं. माणूस म्हणून काही घडवण्याची जी शक्ती आहे तिच्यापासून तुटतो, कारण ती नुसतं पोट भरायचं साधन होऊन बसते. आणि बाजूच्या मागावरच्या माणसापासून तुटतो. ग्रेगोरमध्ये या चारही तुटी सापडतात, पण काफ्का त्याला कारखान्यात ठेवत नाही, घरात आणतो. मालकाची नजर घरच्यांच्या डोळ्यांत आली की काय होतं, हा त्याचा विषय आहे. ग्रेगोर कमावत नाही म्हटल्यावर बाप बँकेचा शिपाई होतो, आई दुकानासाठी शिवणकाम घेते, सतरा वर्षांची बहीण दुकानात विक्रीला लागते. बापाने फेकून मारलेलं सफरचंद ग्रेगोरच्या पाठीत रुततं आणि महिनाभराहून जास्त तिथेच सडतं, कुणी काढत नाही. ज्या बहिणीला संगीत शिकायला पाठवायचं त्याने ठरवलं होतं, तीच शेवटी म्हणते की हे इथून गेलं पाहिजे.

किडा कोणता, झुरळ की भुंगा, यात वेळ घालवू नका. मुखपृष्ठावर तो काढू नका, लांबूनही दाखवू नका, असं काफ्काने प्रकाशकाला कळवलं होतं. मुलीने विचारलं तर तिला ती दारं मोजायला सांगा.

प्रश्न : बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. ‘आउटसायडर’मधला मर्सो निर्दय आहे की प्रामाणिक, यावर दहा गुणांचा प्रश्न येतो. गाइडमध्ये ‘मर्सो हा अस्तित्ववादी नायक’ एवढंच आहे. उत्तर कसं लिहावं? – विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : गाइडचं ते वाक्य आधी खोडा. कामूने अस्तित्ववादी हे बिरुद स्वतः नाकारलं होतं. त्याचा विषय आहे असंगती : माणूस अर्थ मागतो, जग गप्प राहतं, या दोहोंमधला तिढा. १९४२ साली ही कादंबरी आणि ग्रीक पुराणातल्या सिसिफसवरचा त्याचा निबंध, दोन्ही आली. निबंधातला विचार कादंबरीवर जसाच्या तसा चिकटवण्याची चूक मात्र करू नका. परीक्षक ते लगेच ओळखतात.

उत्तराची मांडणी कादंबरीच्या बांधणीवरून करा. पहिल्या भागात सहा प्रकरणं, दुसऱ्यात पाच. सहाव्या प्रकरणाच्या शेवटी मर्सोच्या हातून खून होतो. पहिल्या भागात ज्या साध्यासुध्या गोष्टी घडतात त्याच दुसऱ्या भागात न्यायालयात पुरावा म्हणून परत येतात. उत्तरपत्रिकेत मधोमध रेघ मारून दोन रकाने कच्चे लिहून पाहा. डावीकडे घटना : आई वारल्याचं कळल्यावर मर्सो अल्जिअर्सहून ऐंशी किलोमीटरवरच्या वृद्धाश्रमात जायला दोन दिवसांची रजा मागतो, साहेबाचा चेहरा पाहून ‘यात माझा दोष नाही’ म्हणतो, आईचा चेहरा बघायला नको म्हणतो, शवाजवळ दूध घातलेली कॉफी पितो, सिगारेट ओढतो, डुलकी घेतो, दफनानंतरच्या दिवशी पोहायला जातो, मारी या मैत्रिणीसोबत विनोदी सिनेमा बघतो. उजवीकडे साक्षी : पहारेकरी कॉफी आणि सिगारेटचं सांगतो, आश्रमाचे संचालक म्हणतात हा रडला नाही, याला आईचं वयही ठाऊक नव्हतं, आणि मारीच्या तोंडून पोहणं आणि सिनेमा वदवून घेतला जातो. खटला खुनाचा, शिक्षा न रडल्याबद्दलची. आईच्या अंत्यविधीला न रडणाऱ्याला आपल्या समाजात फाशी होऊ शकते, अशा अर्थाचं कामूने स्वतः १९५५ च्या प्रस्तावनेत म्हटलं आहे. दहापैकी चार-पाच गुण या दोन रकान्यांत आहेत.

पुढचा परिच्छेद भाषेवर. मर्सोची वाक्यं आखूड, एकामागे एक ठेवलेली. ‘कारण’, ‘म्हणून’ फारच कमी. तो घडलेलं सांगतो, जोडत नाही. सरकारी वकील मात्र सगळं जोडून दाखवतो. शेवटी पाद्र्यावर मर्सो भडकतो तिथे वाक्यं एकदम लांब आणि तापलेली होतात. तो फरक एका ओळीत नोंदवलात तरी तुम्ही पुस्तक स्वतः वाचलंय हे कळेल.

तिसरा परिच्छेद बहुतेक जण लिहीतच नाहीत. मर्सो एक गोळी झाडतो, थांबतो, मग पडलेल्या देहात आणखी चार झाडतो. ज्याला मारलं त्याला संपूर्ण कादंबरीत नाव नाही, तो फक्त ‘अरब’. अल्जीरिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता. मर्सोचं परकेपण आपल्याला आतून दिसतं आणि त्या माणसाचं दिसतच नाही. अल्जीरियाचा लेखक कामेल दाऊद याने २०१३ साली मेलेल्या माणसाच्या भावाला बोलतं करून कादंबरी लिहिली आणि त्या मेलेल्या माणसाला मूसा हे नाव दिलं. निर्दय की प्रामाणिक, याचं उत्तर या माहितीनंतर लिहा. आमचं मत विचाराल तर मर्सो स्वतःच्या भावनांबद्दल खोटं बोलत नाही हे खरं, पण प्रामाणिक असणं आणि निर्दोष असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुस्तक वाचताना आपण त्या हळूच एक करून टाकतो.

प्रश्न : हे सगळं आमच्या संतांनी आधीच सांगितलेलं नाही काय? तुकोबांची तळमळ काय कमी होती? परदेशी लेखकांचं एवढं कौतुक कशाला? – निवृत्त शिक्षक, पंढरपूर

उत्तर : सर, तुकोबांची तळमळ कमी नव्हती, पण ती वेगळी होती. दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेली, दिवाळं निघालं, मान गेला, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. तरी ‘कन्या सासुऱ्यासी जाये। मागें परतोनी पाहे॥’ या अभंगात पुढे काय येतं? ‘तैसें झालें माझ्या जिवा। केव्हां भेटसी केशवा॥’ तुटलेपण पूर्ण आहे, पण ते कुणाला तरी उद्देशून बोललेलं आहे. तुकोबा देवाशी भांडतात, त्याला टोचून बोलतात, आणि तो ऐकतोय हे गृहीत धरतात. मर्सोपुढे असा कुणी नाही. दस्तयेवस्कीच्या तळघरातल्या माणसापुढे ‘सभ्य गृहस्थहो’ आहेत, तेही त्याने मनातच उभे केलेले.

तुमच्याच गावातलं आणखी जवळचं उदाहरण घ्या. काफ्काची ‘कायद्यापुढे’ नावाची दीड-दोन पानांची गोष्ट आहे. खेड्यातला एक माणूस कायद्याच्या दारापाशी येतो. दार उघडं आहे. पहारेकरी म्हणतो, आत्ता नाही. माणूस वर्षानुवर्षं तिथे बसून राहतो. मरताना विचारतो की इतक्या वर्षांत दुसरं कुणीच कसं आलं नाही? पहारेकरी सांगतो, हे दार फक्त तुझ्यासाठी होतं, आता मी ते बंद करतो. ही गोष्ट वाचताना महाद्वारासमोरच्या चोखोबांच्या समाधीची आठवण कुणाही वारकऱ्याला होईल. मात्र दोन्ही सारखंच आहे असं म्हणून थांबलो तर चोखोबांवर अन्याय होतो. काफ्काच्या माणसाला हाताला धरून कुणी अडवलेलं नाही, आणि का थांबायचं हे त्याला कळत नाही. चोखोबांना अडवणारे कोण होते आणि कशासाठी अडवत होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. आतला देव आपला आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती. १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा कुठे ते दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडलं. शाळेत मुलांपुढे ही दोन्ही शेजारी ठेवून वाचा, तासभर कमी पडेल.

प्रश्न : मुलगा एकोणीस वर्षांचा, पुण्यात होस्टेलला. सुट्टीत बार्शीला आला की ‘कोसला’ आणि काफ्का घेऊन बसतो. ‘सगळं निरर्थक आहे’ म्हणतो, कॉलेज सोडायचं म्हणतो. पुस्तकं काढून घेऊ का?

उत्तर : ताई, पुस्तकं काढून घेऊ नका. त्या वयात ‘माझ्यासारखं आणखी कुणाला वाटलंय’ हे कळणं हा मोठा आधार असतो, आणि तोच तुम्ही काढून घ्याल. ‘कोसला’ तुम्हीही वाचा. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर, त्याचे पैशांचे घोळ, बापाशी असलेली तेढ, आणि देवीच्या रोगाने गेलेली धाकटी बहीण. तिच्या मरणाची पानं वाचल्यावर ‘निरर्थक’ या शब्दामागे किती दुःख असू शकतं ते दिसेल, आणि मुलाशी बोलायला जागा मिळेल. ‘पांडुरंगाचं तुला काय पटलं?’ असं विचारा. ‘तुला काय झालंय?’ असं विचारू नका. पहिल्याचं उत्तर तो तासभर देईल, दुसऱ्याचं ‘काही नाही’ असं येईल. कॉलेजचा विषय त्याच दिवशी काढू नका. फी, हजेरी, नापास झालेले विषय याबद्दल वेगळ्या दिवशी, आकडे समोर ठेवून बोला. पुष्कळदा निरर्थकतेच्या मागे दोन राहिलेले पेपर असतात.

पण एक फरक डोळ्यांत तेल घालून पाहा. विचाराने अस्वस्थ झालेला मुलगा वाद घालतो, मित्रांकडे जातो, जेवतो. आजाराने खचलेल्याचं तसं नसतं. दोन आठवडे किंवा जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आवडती पुस्तकंसुद्धा नकोशी झाली असतील, आपण ओझं आहोत अशी भाषा येत असेल, तर तो साहित्याचा प्रश्न राहिलेला नाही. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. मरण्याचा विचार बोलून दाखवला तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी न्या आणि त्याला एकटं ठेवू नका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायची वाट मोकळी होते. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मुलाने नको म्हटलं तरी तुम्ही स्वतः तिथे फोन करून विचारू शकता.

प्रश्न : आमच्या घरी तेलुगू, गल्लीत तेलुगू आणि कन्नड, शाळा मराठी, आणि नोकरीला इंग्रजी. या लेखकांत आमच्यासारखं कुणी आहे का? मराठीतलं काय वाचावं? – साखर पेठ

उत्तर : काफ्काच आहे. प्रागमध्ये बहुसंख्य लोक चेक बोलणारे, याचं घर आणि शाळा जर्मन, आणि धर्माने ज्यू. जर्मन बोलणाऱ्यांत ज्यू म्हणून वेगळा, चेक लोकांत जर्मन बोलणारा म्हणून वेगळा. त्याची जर्मन भाषा कोरडी, कचेरीतल्या कागदासारखी स्वच्छ आहे. लिहिण्याची जी भाषा आहे तिच्यात आपण पाहुणे आहोत हे ओळखून प्रत्येक शब्द तोलून वापरणाऱ्याची ती भाषा वाटते. कामूची आई जवळजवळ बहिरी होती आणि तिला लिहितावाचता येत नव्हतं. त्याची पुस्तकं तिला वाचता येणं शक्यच नव्हतं.

मराठीत मर्ढेकरांच्या कवितेपासून सुरू करा. ‘काही कविता’ (१९४७) हा संग्रह पातळ आहे, पण दिवसाला दोनच कविता वाचा आणि मोठ्याने वाचा. छंद ओवी-अभंगाच्या वळणाचा आणि आत महायुद्धानंतरचं शहर, हा विरोध कानालाच कळतो. जी. ए. कुलकर्णींच्या ‘रमलखुणा’त (१९७५) दोनच दीर्घकथा आहेत. त्यातली ‘प्रवासी’ आधी घ्या.

मग १९६३ सालची दोन पुस्तकं पाठोपाठ वाचा : नेमाड्यांची ‘कोसला’ आणि बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह. पांडुरंगाला घर आहे, शेती आहे, परत जाण्याची जागा आहे, आणि त्याला तिथे मावता येत नाही. बागुलांच्या शीर्षककथेतल्या तरुणाला रेल्वेत नोकरी मिळालीय, गाव परकं आहे, आणि डोक्यावर छप्पर मिळवायचं तर जात सांगायची सोय नाही. ती उघडकीला आल्यावर त्याला मार बसतो. एकाच वर्षी, एकाच भाषेत छापलेली ही दोन परकेपणं आहेत. ‘कोसला’ आधी वाचलीत तर बागुलांची कथा तिला प्रश्न विचारते. आमचा सल्ला उलटा आहे : बागूल आधी वाचा, ती कथा एका बैठकीत होते, आणि मग पांडुरंगाच्या घरी जा.